कावीळ बी

माझी बायको काविळीने गेली, आणि तुरुंगाच्या पाण्याचं काम माझ्याकडे आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की लोक जे समजायचं ते समजतात. मीही तेच समजलो होतो.

तुरुंगाच्या मोठ्या भिंतीबाहेर, पण फाटकाच्या आत, नोकरांच्या खोल्या आहेत. आमची खोली टाकीला लागून. टाकी, पंप, बराकींपर्यंत गेलेले पाइप, नळ, मोऱ्या, सगळं मी बघतो. आत मला पाणीवाला म्हणतात. बायको बायकांच्या विभागात शिवण शिकवायची, म्हणून ती शिवणबाई. आमची खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायची.

कावीळ आधी पुरुषांच्या बराकीत आली. एकाचे डोळे पिवळे झाले, मग त्याच्या शेजाऱ्याचे, मग पलीकडच्या बराकीतल्या दोघांचे. कावीळ म्हटलं की पाणी, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अधीक्षकसाहेबांनी मला बोलावलं.

"पाणीवाले, आमच्या पाहुण्यांना काय पाजताय?"

"साहेब, जे तुम्ही पिता तेच."

"म्हणून तर विचारतोय."

मी टाकी रिकामी केली. आत उतरून घासली. औषध टाकलं. पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. पाणी चांगलं निघालं. साहेब म्हणाले, परत पाठवा. परत चांगलं निघालं. पुढच्या वेळी तपासणारा माणूसच मला म्हणाला, "अहो, हे पाणी मी माझ्या घरी नेईन. तुम्हाला नेमकं काय निघायला हवंय?"

कावीळ थांबेना. मग पाणी उकळून द्यायचा हुकूम निघाला. कैदी म्हणायचे, पाणीवाला हल्ली बिनपत्तीचा चहा पाजतो. मी जुना पाइप बदलला. त्याच्या शेजारचाही बदलला. कावीळ बायकांच्या विभागात गेली. आणि मग आमच्या घरी आली.

बायकोला आधी नुसता थकवा होता. ती म्हणाली, वय झालं. मग जेवण नकोसं झालं. एकदा सकाळी ती दारात उभी राहून केस विंचरत होती आणि उजेड तिच्या तोंडावर पडला, तेव्हा मला तिचे डोळे दिसले.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही."

"तुमचं पाणी तुमच्यासारखंच हो. दिसायला अगदी साधं."

ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी तिला उकळलेलं पाणी देत होतो, गाळून, पुन्हा उकळून. ती म्हणायची, आता त्यात पाणी उरलंय का बघा.

हॉस्पिटलात नेलं तोवर ती बरळायला लागली होती. मला टाकी तपासायला आलेला माणूस समजली आणि म्हणाली, "आमचे हे चांगलं काम करतात, तुम्ही त्यांना बोलू नका." मी तिचा हात धरून म्हटलं, अगं मीच. ती म्हणाली, "तेच सांगतेय ना."

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "यांना कावीळ बी आहे."

मी विचारलं, "आणि?"

"आणि काय?"

"कावीळ बी आहे, तर आणखी काय आहे?"

"कावीळ बी," ते जरा मोठ्यानं म्हणाले. "यकृत निकामी होत चाललंय. फार उशिरा आणलंत."

माझी आई 'मी बी येते' असंच बोलायची. शेजारपाजारही तसंच बोलायचे. बी म्हणजे सुद्धा. माझ्या कानाला दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मला वाटलं, कावीळ आहेच, पण सोबत आणखी काहीतरी आहे आणि ते हे लोक सांगत नाहीत. नर्सला विचारलं. ती म्हणाली, "बी आहे ना, म्हणूनच एवढं झालं." मी म्हटलं, "हो, पण बरोबर काय आहे?" ती माझ्याकडे दया आल्यासारखं बघून निघून गेली.

बायको गेली. ते मी लिहीत नाही. ज्यांचं कोणी गेलंय त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही.

माझी मेहुणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, खोलीत आली तेव्हा तिनं आधी माठावरचं झाकण काढून आत बघितलं. "पाण्यानं मारलंत तुम्ही तिला, भाऊजी," ती म्हणाली. मी झाकण परत माठावर ठेवलं. मला तेच वाटत होतं. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. पाणी प्यायलो मीही. तिच्याच भांड्यातलं, तिच्याआधी. माझे डोळे पांढरेफटक. मग तिच्यात ते 'आणखी' काय होतं?

मी ज्याला त्याला विचारत सुटलो. जमादाराला विचारलं, औषधं देणाऱ्याला विचारलं. लोक म्हणू लागले, पाणीवाल्याचं डोकं फिरलंय, एकच प्रश्न घेऊन हिंडतो.

तेवढ्यात तुरुंगाच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या हात धुवायच्या भांड्याचं पाणी तुंबलं होतं. मी खाली बसून पाइप खोलला आणि खालूनच विचारलं, "बाई, एक विचारू? माणसाला कावीळ बी असते, तेव्हा सोबत दुसरं काय असतं?"

"सोबत म्हणजे?"

"हॉस्पिटलात म्हणाले, तुमच्या बायकोला कावीळ बी आहे. बी आहे तर अजून काय आहे ते मात्र कोणी सांगेना."

मला वाटलं, याही हसल्या. मी डोकं बाहेर काढलं तर त्या हसत नव्हत्या.

"बाहेर या," त्या म्हणाल्या. "बसा खुर्चीवर."

"हात घाण आहेत."

"असू देत. अहो, बी म्हणजे 'सुद्धा' नाही. बी हे त्या काविळीचं नाव आहे. इंग्रजी अक्षर. कावीळ ए असते, बी असते, सी असते, आणखीही असतात. यांचे विषाणू वेगवेगळे. काही पाण्यातून जातात. बी आणि सी पाण्यातून जात नाहीत. रक्तातून जातात."

"मग नाव एकच कशाला ठेवलं?"

"डोळे पिवळे दिसले की लोक कावीळ म्हणतात. आत कोण बसलंय ते डोळ्यांवरून कळत नाही."

"म्हणजे माझ्या पाण्यानं नाही?"

"नाही."

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि मी त्या खुर्चीवर बसून हायसं वाटून घेतलं. मग त्याची लाज वाटली. आणि मग दुसरा प्रश्न आला, तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

"रक्तातून म्हणजे कसं?"

त्यांनी सांगितलं. पुरुषांच्या बराकीत पात्यावर बंदी आहे, म्हणून एक लपवलेलं पातं सगळी बराक वापरते. कोणी चोरून सुई टोचून नशा करतो, तीच सुई पुढे जाते. एकाचं रक्त दुसऱ्याला लागतं, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. "तुमचं पाणी उकळत राहिलं आणि पातं तसंच फिरत राहिलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि नवराबायकोच्या संबंधातूनही होतं. तुम्ही रक्त तपासून घ्या."

मी तपासून घेतलं. मला काही नव्हतं. कधी होऊनही गेलं नव्हतं. बाईंनी मला लस टोचली आणि म्हणाल्या, पुढची टोचायला परत या.

मेहुणी पुन्हा आली तेव्हा मी तिला सांगितलं, पाण्यानं नाही, रक्तातून होते ती.

"म्हणजे तुमच्याकडून," ती लगेच म्हणाली. "दिवसभर त्या गुन्हेगारांत वावरता."

"मी तपासून घेतलं. मला नाही. मी स्वच्छ आहे."

मी हे फार ठसक्यात सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचं तोंड हळूहळू बदललं.

"मग?" ती म्हणाली.

एवढंच. ती उठून निघून गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. मी स्वतः सुटलो आणि माझ्या जागी बायकोला उभं करून आलो.

त्यानंतर माझं मन जे करत होतं ते मला आवडत नव्हतं, पण ते थांबत नव्हतं. शिवणाच्या वर्गासाठी कापडाचे तुकडे घेऊन येणारा एक माणूस होता. तो बायकोशी हसून बोलायचा. माझ्याशीही हसूनच बोलायचा. तो तसाच होता. पण मी त्याचं हसणं पुन्हा पुन्हा आठवून तपासू लागलो, पाण्याच्या नमुन्यासारखं. काही निघायचं नाही. परत तपासायचो. संसार सगळा डोळ्यांसमोर झाला, ती कधी रात्री बाहेर राहिली नाही, आणि तरी मी तपासतोय. तिला विचारायची सोय नाही. ती असती तर तिनं मला एवढंच म्हटलं असतं, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" आणि विषय संपला असता.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तुरुंगाचं रक्त तपासायचं ठरवलं. पुरुष कुरकुरत आले. बायकांतली एकही आली नाही. याला कारण होतं. तेव्हाच, सुईतून कावीळ जाते म्हणून, साहेबांनी सगळ्या बराकींत जाऊन सांगितलं होतं, ज्याच्या अंगावर नवीन गोंदलेलं सापडेल त्याची शिक्षेतली सूट कापली जाईल. बाईंनी त्यांना विनवलं, असं करू नका, लोक लपवतील. साहेब म्हणाले, "लपवतात म्हणूनच तर." बायकांनी निरोप पाठवला, कावीळ पाण्याची आहे, आमचं रक्त कशाला हवं?

मग बायकांच्या विभागातल्या मोरीचा पाइप फुटला आणि मला आत जावं लागलं.

तिथं गडीमाणूस जाताना पुढे जमादारीण चालते आणि शिट्टी वाजवून ओरडते, "गडी आत! गडी आत!" बायका अंगावरचं सारखं करून भिंतीला होतात. नेहमी कोणीतरी काहीतरी बोलतं. "पाणीवाले, कधी गरम सोडा की!" असं. मी म्हणायचो, "जामीन मिळाला की घरी घ्या गरम." त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. शिवणबाईचा नवरा आलाय, एवढंच पुटपुटणं ऐकू आलं.

मोरीत पाइप धरायला एक बाई आली. तिला सगळ्या टाचणी म्हणत. काटकुळी होती म्हणून म्हणत असतील असं मला वाटायचं. बायकोची ती लाडकी. वर्गात सुया वाटायचं आणि गोळा करायचं काम तिचं. जमादारीण दाराशी उभी राहून बाहेरच्या कोणाशी तरी भांडत होती.

"धर इथं. घट्ट," मी म्हटलं.

तिनं बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी पाइप धरला. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक अक्षर होतं. काळं. कडेनं अजून खपली होती.

मी अक्षराकडे बघत राहिलो. काळं. आणि मला बायकोचं एक बोलणं आठवलं. ती चांगली हिंडतीफिरती होती तेव्हाचं. "तुमच्या पाण्यात लोखंड जास्त आहे का हो? वर्गातल्या सुया काळ्या पडतात." मी म्हटलं होतं, लोखंडानं तांबूस डाग पडतो, काळा नाही. ती म्हणाली, मग कशानं पडतात ते तुम्हीच सांगा. मी म्हटलं, मी पाणीवाला आहे, सुईवाला नाही. तिथं ते बोलणं संपलं होतं. कुठंही काही काळं पडलं तरी दोष पाण्यालाच, याचाच मला तेव्हा राग आला होता.

"हे कोणी काढलं?" मी विचारलं.

"काय?"

"हातावर."

"जन्मखूण आहे."

"जन्मखुणेला खपली धरत नाही."

तिनं पाइप सोडला आणि बाही खाली ओढली. पाणी माझ्या अंगावर उडालं. "काका, पाइप दुरुस्त करायला आलात ना? मग पाइप बघा."

मी पाइपावर चिंधी गुंडाळली. मग हळूच म्हटलं, "ती सुया बोटावर टोचून बघायची. बोथट झाल्यात का ते."

"माहितेय," टाचणी म्हणाली. "रोज बघायच्या, परत घेताना. म्हणायच्या, नेढं तुम्ही सांभाळा, टोक मी बघते. अंगुस्तान घाला म्हटलं तर म्हणायच्या, टोपी घातलेल्या बोटाला काही कळत नाही."

"बोटातून रक्त यायचं?"

"यायचं कधी कधी. चोखायच्या आणि पुढची सुई घ्यायच्या." मग ती थांबली. "का?"

"सुया काळ्या का पडायच्या?"

तिनं दाराकडे बघितलं. जमादारणीचं भांडण चालूच होतं.

"सांगू नका कोणाला," ती म्हणाली. "सुया मोजून देतात आणि मोजून घेतात. बराकीत एकही येत नाही. म्हणून जे काय करायचं ते वर्गातच. एकीनं कापड असं पसरून धरायचं, शिवण दाखवतेय असं. मागं दुसरीच्या हातावर मी काढायची. पेनातली शाई आणि जरा काजळी. पोरांची पहिली अक्षरं हो, दुसरं काही नाही. हे माझ्या मुलीचं आहे." तिनं बाही वर केली नाही, वरून हात ठेवला. "बाई फळ्याशी असायच्या. त्यांना माहीत नव्हतं."

"आणि सुई धुवायची नाही?"

"कुठं धुणार? सुई घेऊन नळाशी निघालं की जमादारीण हात धरते, कुठं चाललीस म्हणून. कापडाला पुसायची आणि डबीत टाकायची. डबी बाईंच्या हातात."

मी पान्यानं पाइप आवळत राहिलो. आवळून झाला होता तरी आवळत होतो.

टाचणीला कळायला वेळ लागला नाही. ती हळूहळू खाली बसली, ओल्या फरशीवरच. "काका," ती म्हणाली. "बाई गेल्या त्या आमच्यामुळं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पाण्यामुळे. सगळा तुरुंग तेच म्हणत होता. मी तेवढं म्हटलं असतं तर तिला रडावं लागलं नसतं, आणि मला त्या बोलण्याची सवय झालेली होती. ती बाई वर्षानुवर्षं आत आहे, तिच्या डोक्यावर आधीच काय कमी आहे? पण मी पाणी म्हटलं असतं तर तिनं उद्या पुन्हा सुई हातात घेतली असती. आणि दुसरं म्हणजे, मला त्या क्षणी तिची दयाही येत होती आणि तिला धरून भिंतीवर आपटावंसंही वाटत होतं. यातलं कोणतं उत्तर देतंय ते मला कळत नव्हतं.

"पाण्यातून नाही," मी म्हटलं.

"मग?"

"रक्तातून. कोणाच्या ते मला माहीत नाही."

ती रडली नाही. तोंड उघडं ठेवून बसली. मग म्हणाली, "साहेबांना सांगणार?"

"नाही."

"वर्ग बंद करतील. आहे तेवढंच आमचं."

"मी नाही सांगणार. पण तुम्ही रक्त द्या. सगळ्याजणी. औषध आहे, लस आहे. तिच्या वेळी उशीर झाला."

तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, "रक्त दुसऱ्या हातातून काढलं तर चालतं का? ज्याच्यावर काही नाही त्या?"

मला हसू आलं. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा, त्या मोरीत, त्या बाईसमोर. ते हसू आवरता आवरेना आणि मग ते हसू राहिलंच नाही. जमादारीण आत डोकावली. "काय झालं?"

"डोळ्यात पाणी उडालं," टाचणीनं सांगितलं.

मी डॉक्टरीणबाईंना एवढंच सांगितलं की बायका येतील, पण त्यांना बाह्यांची भीती आहे. बाई म्हणाल्या, "मला शीर दिसते. बाकी हातावर काय आहे ते मी बघत नाही." त्यांनी साहेबांशीही बोलणं केलं, काय ते मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात बायका रांगेत आल्या. सगळ्या डावा हात पुढे करत होत्या. बाई म्हणाल्या, या विभागात एवढ्या डावखुऱ्या कशा?

मेहुणीकडे मी स्वतः गेलो. सांगितलं, सुईतून झालं. शिवणाच्या सुईतून. ती दारातच बसली. "तरी मी तिला सांगत होते, अंगुस्तान घाल, अंगुस्तान घाल," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "नक्की ना?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे काय, भाऊजी?"

मला तेच हवं होतं, जवळजवळच्या पुढचं. म्हणून तपासण्या झाल्यावर मी दवाखान्यात गेलो. काम काही नव्हतं. सुयांचं बायकांनी रक्त देताना बाईंना सांगितलंच होतं, बायकोच्या बोटाचं मी सांगितलं होतं. उगाच नळ उघडून बंद केला.

"बाई, बायकांत निघालं का?"

"निघालं. बऱ्याचजणींना."

"त्या टाचणीला?"

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"माझी बायको गेली त्यात."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, तिला असलं तरी तुम्हाला काही कळणार नाही. त्याच सुया सगळ्यांच्या हातात. कोणाला आधी होतं, कोणाकडून कोणाकडे गेलं, हे या तपासणीत कळत नाही. आणि सुईला रक्त दोन्हीकडून लागतं. तुमची बायको बोटातून रक्त येईपर्यंत सुया तपासायची म्हणता. त्याच सुया दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात जायच्या."

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"म्हणजे तिच्याकडून त्यांना?"

"असंही झालं असेल काहींच्या बाबतीत. मी झालंच म्हणत नाही. ठरवता येत नाही, एवढंच म्हणतेय."

मी बाहेर आलो. मी आधी पाण्याला सोडवलं होतं, मग नवरा म्हणून स्वतःला सोडवलं, मग तिला सोडवलं, आणि आता पुन्हा ती तिथंच येऊन उभी राहिली होती, बोट चोखत, सुयांची डबी हातात घेऊन. ती मारणारी की मेलेली? दोन्ही कसं असेल? माझी आई म्हणाली असती, दोन्ही बी असतं. पण आईला हे कोण सांगणार होतं.

वर्ग बंद झाला नाही. आता सुया गोळा झाल्या की उकळत्या पाण्यात टाकतात, बराच वेळ ठेवतात, आणि कोणी टोक बोटावर बघत नाही. दुसरी शिवणबाई येते. उकळायचं भांडं मीच बसवून दिलं. काही बायकांना रोज गोळ्या घ्याव्या लागतात, बाकीच्यांना लस देतात.

भांडं बसवायला गेलो त्या दिवशी टाचणी माझ्याजवळ आली. जमादारीण होती, पण तिनं मान वळवली. टाचणी थोडी आणखी बारीक दिसत होती. का, ते मला माहीत नाही.

"काका, डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं," ती म्हणाली. "माझ्या रक्तात काय आलं ते. तुम्हाला सांगायचंय. तुम्हाला सांगितलं पाहिजे असं मला वाटतं."

मी एवढे महिने हेच विचारत फिरत होतो. ती समोर उभी होती आणि सांगायला तयार होती. तिला आहे म्हणाली असती तर राग धरायला मला एक माणूस मिळाला असता. किंवा तिनं मला विचारलं असतं, माझ्यात हे कोणाकडून आलं, आणि मग मी कुठं बघितलं असतं? तिला नाही म्हणाली असती तर मी दुसरीकडे वळलो असतो, मग तिसरीकडे.

"औषध घ्यायचं असलं तर घेतेस ना?" मी म्हटलं.

"घेते. म्हणजे, तेच तर सांगतेय..."

"नको सांगूस."

"काका?"

"नको. तुझं तुझ्याजवळ ठेव. मुलगी भेटायला येते का?"

ती गोंधळली. "येते," ती म्हणाली. "उंच झालीये. आतेसारखी."

"बरं."

मी पान्यानं शेवटचा नट आवळला, भांड्यात पाणी सोडून बघितलं, गळत नव्हतं. जमादारणीनं शिट्टी वाजवली आणि मी तिच्यामागून बाहेर पडलो. फाटकापर्यंत मी दोनदा थांबलो. परत जाऊन विचारावं असं वाटत होतं. अजून वाटतं. ऐकून घ्यायला हवं होतं की नाही, ते मला कळत नाही, आणि हे विचारायला मी ज्या माणसाकडे गेलो असतो ते माणूस आता घरात नाही.